कृषी निविष्ठा कंपन्यांच्या विक्रीप्रमुखांना खुलं पत्र: फिल्डवरचा माणूस तोंड का उघडत नाही

मा. विक्रीप्रमुख साहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकट्या कुणा कंपनीला नाही, म्हणून कुठल्याच कंपनीचं नाव घेत नाही. कीटकनाशकं, बियाणं, खतं, टॉनिकं विकणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांत मी नोकऱ्या केल्या. आधी विदर्भात, मग मराठवाड्यात, आता नाशिककडे आहे. बॅनरचे रंग बदलले, बाकी सगळीकडे तेच. ज्याला लागू पडेल त्याने घ्यावं, ज्याला नाही पडणार त्याचं अभिनंदन.

खरीपपूर्व बैठकीत एक तास ‘बेस्ट प्रॅक्टिस शेअरिंग’ म्हणून राखलेला असतो. गेल्या सीझनला पहिला आलेला गडी स्टेजवर येतो. शेतकरी मेळाव्याचे फोटो, बॅनर, टोप्या, टी-शर्ट, मधे एक चढता आलेख. यशाचं श्रेय तो टीमवर्कला देतो, डीलरशी असलेल्या संबंधांना देतो आणि साहेबांच्या मार्गदर्शनाला देतो. टाळ्या होतात. खाली बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की यानं जे केलं त्यातलं एक अक्षर इथे सांगितलेलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये त्याला दोघं-तिघं गाठतात आणि म्हणतात, “आता खरं सांग.” तेव्हा तो थोडं सांगतो. सगळं तिथेही नाही.

मग जूनमध्ये तुमचा मेल येतो. टीममध्ये माहितीची देवाणघेवाण होत नाही, प्रत्येक जण आपापल्या बेटावर आहे, ॲपमधला ‘फिल्ड इनसाइट’चा रकाना रिकामा जातो. एखादा ट्रेनर आणला जातो, तो आम्हाला वर्तुळात उभं करून सुतळीचा खेळ खेळायला लावतो. साहेब, आम्ही घुमे नाही. आम्हाला हिशेब येतो, एवढंच. तोंड उघडलं तर काय मिळतं आणि काय जातं, हे आम्ही तुमच्या इन्सेन्टिव्हच्या परिपत्रकातूनच शिकलो.

आमच्याजवळ असं काय आहे की जे सांगितलं पाहिजे, ते आधी मांडतो. मेलमध्ये त्याला ‘नॉलेज’ म्हणतात आणि मग ते काहीतरी भारी वाटायला लागतं. ते फार साधं असतं.

वसुलीचं घ्या. कपाशी-सोयाबीनच्या तालुक्यात दुकानदाराकडे पैसा दिवाळीच्या आगेमागे खेळायला लागतो, उसाच्या पट्ट्यात कारखान्याचं पहिलं बिल जमा झालं की, आणि द्राक्षाच्या गावात व्यापाऱ्याने बागेचा सौदा करून पैसे मोजले की. एवढं कुणीही सांगेल. पण अमुक गावात सोमवारचा आठवडी बाजार असतो, म्हणून मंगळवारी सकाळी दहाच्या आत गेलात तरच तिथला दुकानदार चेक देतो, कारण त्यानंतर त्याचा भाऊ गल्ला घेऊन बँकेत जातो आणि ते पैसे दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात पडतात, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या एका गावात दुकान बापाच्या नावावर, परवाना मुलाच्या नावावर आणि शब्द चालतो तो सुनेचा. तिला बॅलन्स कन्फर्मेशनचा, म्हणजे कंपनीचं येणं मान्य असल्याचा, कागद आधी दाखवला तर सही त्याच दिवशी होते. बापाला दाखवला तर पुढच्या महिन्यात. नवा माणूस तीन चकरा मारतो आणि ‘पार्टी सहकार्य करत नाही’ असा रिपोर्ट लिहितो.

दुकान कसं वाचायचं, हे मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं. तो आत शिरला की मालकाशी रामराम करायचा आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या रॅककडे बघायचा. कुठल्या खोक्यावर धूळ आहे, कुठल्या खोक्याची चिकटपट्टी फाडलेली आहे, कुठल्या खोक्यात चारच बाटल्या उरल्यात. मग बाजूच्या स्टुलावर बसून चहा मागवायचा आणि तासभर हलायचा नाही. शेतकरी येऊन “अळीवर काहीतरी द्या” म्हणाला, की काउंटरवरच्या पोराचा हात न विचारता कुठल्या डब्याकडे जातो, हे तो बघत असे. मालकाने पन्नास खोकी उचलली तरी पोराचा हात आपल्या डब्याकडे जात नसेल, तर तो माल ऑक्टोबरमध्ये परत येणार हे त्याला जुलैतच कळायचं. मग तो मालकाला स्कीम सांगत बसायचा नाही. पोराला घेऊन एखाद्या प्लॉटवर जायचा, फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी मेलेली अळी त्याच्या तळहातावर ठेवायचा. त्याच्या टेरिटरीत सेल्स रिटर्न नगण्य असे. हे कुठल्याही स्लाइडवर आलं नाही. रिटायर झाला तेव्हा त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

आता मात्रेची गोष्ट. लेबलवर मात्रा हेक्टरी लिहिलेली असते, पाणी सहसा ५०० लिटर धरलेलं. शेतकरी विचारतो, “पंपाले किती?” आपलं पत्रक लिटरचा हिशेब करून पंपाचं प्रमाण सांगतं. बरोबर वाटतं. पण हेक्टरी ५०० म्हणजे एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरचे तेरा-साडेतेरा पंप. कपाशी गुडघ्याएवढी असताना एकराला तेरा पंप कोण मारतो? सहा-सात पंपांत उरकतात. पंपात औषध पत्रकाप्रमाणे पडलं, एकरावर पडलं निम्मं. आठ दिवसांनी शेतकरी दुकानात येऊन म्हणतो, औषधाला रिझल्ट नाही. आपण रिपोर्टमध्ये लिहितो, स्पर्धक कंपनीचा दर कमी आहे.

मी यवतमाळकडे असताना एक फिल्ड असिस्टंट होता, बारावी झालेला, शेतकऱ्याचाच पोरगा. तो मात्रा सांगण्याआधी उलटा प्रश्न विचारायचा, “एकराले किती पंप लागतात तुमाले?” उत्तर कमी आलं की आधी नोझल बघायचा, चालायचा वेग बघायचा, पाणी वाढवायला लावायचा आणि मगच औषधाचं बोलायचा. खिशात मापाचा छोटा प्लास्टिकचा कप. झाकणाने मोजू द्यायचा नाही, कारण प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं. त्याच्या गावांतून ‘रिझल्ट नाही’ अशी तक्रार जवळजवळ येत नसे. त्याची ही एक सवय पाच जिल्ह्यांत गेली असती तर तुमच्या टीव्हीवरच्या जाहिरातीपेक्षा स्वस्तात आणि जास्त काम झालं असतं. पण त्याला विचारलं कुणी? नोव्हेंबरात सीझन संपला, एजन्सीने त्याचं नाव काढलं. पुढच्या जूनमध्ये त्याच गावांत दुसरा मुलगा, नवी टोपी, तीच पत्रकं.

आता सांगत का नाही, त्याच्या कारणांकडे येतो.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण टार्गेट आहे. समजा, मला संत्र्याच्या पट्ट्यात एखादं बुरशीनाशक विकण्याची वाट सापडली. पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार धरणारे कोण, हिवाळ्याच्या शेवटचा आंबिया बहार धरणारे कोण, यांच्या वेगवेगळ्या याद्या केल्या आणि पावसाची उघडीप बघून नेमक्या त्या आठवड्यात गावात उभा राहिलो. माल दीडपट गेला. मी हे बैठकीत सांगितलं तर दोन गोष्टी होतात. माझं टार्गेट पुढच्या वर्षी त्या दीडपटीवर आणखी वीस टक्के चढवून येतं, कारण ‘पोटेन्शियल आहे’ हे मीच सिद्ध केलं. आणि शेजारच्या टेरिटरीवाल्याचं टार्गेटही चढतं, कारण ‘त्याला जमतं तर तुला का नाही’. म्हणजे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडला आणि शेजाऱ्याचे शिव्याशाप घेतले. न सांगता तोच माल मी मार्चपर्यंत बेताबेताने दाखवला, तर दोन वर्षं सुखात जातात. कोणता शहाणा माणूस सांगेल?

दुसरं कारण क्रमवारी. पहिले दहा थायलंडला, शेवटचे दहा ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट’च्या यादीत. एका झोनमध्ये आम्ही तीस-पस्तीस जण. मी अकरावा असेन आणि माझ्या युक्तीने बारावा वर गेला, तर माझं काय झालं ते तुम्हीच मोजा. त्यात मालाची घुसखोरी. एका जिल्ह्याच्या डिस्ट्रिब्युटरचा माल रात्रीतून दुसऱ्या जिल्ह्यात उतरतो, दर पडतो, विक्री एकाच्या खात्यात आणि येणं दुसऱ्याच्या डोक्यावर. शेजारच्या टेरिटरीतला सहकारी हा या धंद्यात स्पर्धक कंपनीच्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा, असं वातावरण तुम्हीच तयार केलं आहे. स्पर्धकाच्या माणसाबरोबर आम्ही एका टपरीवर चहा पितो, एकमेकांना कुठल्या पार्टीचा चेक परत गेला तेही सांगतो. आपल्याच कंपनीतल्या माणसाला सांगत नाही. याच्यावर तुमचा एखादा ट्रेनर खेळ घेईल का?

तिसरं कारण, दुकानदार आमचा असतो, कंपनीचा नसतो. हे तुम्हाला आवडणार नाही. पण माणूस कंपनी बदलतो तेव्हा नवी कंपनी मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारते: किती पार्ट्या बरोबर आणशील? तुम्हीही हाच विचारता. आमच्या डोक्यातली माहिती ही बाजारात आमची किंमत आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य असताना ती ॲपमध्ये फुकट भरावी अशी अपेक्षा करणं म्हणजे जरा भाबडेपणा झाला.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त सलतं, कारण त्याची झळ शेतकऱ्याला बसते. शेतकरी एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत एकत्र करतो. करू नका म्हटलं तरी करतो, कारण मजूर एकदाच मिळतो. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर काही मिश्रणं फाटतात, दूध फाटावं तशी. काही कीटकनाशकं अशा अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होतात. माझा एक सहकारी ज्या तालुक्यात होता तिथलं पाणी असंच. आपलं एक औषध आणि बाजारातलं एक चालू टॉनिक तिथे जमत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो दुकानदारांना काचेच्या बरणीत करून दाखवायचा: शेतातलंच पाणी घ्या, आधी पावडर विरघळवा, ढवळा, मग पातळ औषध, इमल्शन त्यानंतर, स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव, सगळ्यात शेवटी. अर्धा तास ठेवा. तळाला साका बसला किंवा वर लोण्यासारखं तरंगलं, तर पंपात भरू नका. त्याच्या तालुक्यात कुणाची पानं जळली नाहीत.

लगतच्या तालुक्यात नवा पोरगा. पाणी तेच, औषध तेच, टॉनिक तेच. चाळीस-पन्नास एकरांवर पानांच्या कडा करपल्या, गावाने दुकानदाराला घेरलं, दुकानदाराने कंपनीचे पैसे अडवले. पोराने सीझन संपायच्या आत नोकरी सोडली. मी त्या सहकाऱ्याला विचारलं, अरे, तू सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, “लिहून कळवलं असतं तर साहेबांचा मेल आला असता की तुमच्या भागात प्रॉडक्टची तक्रार आहे का? मग टेक्निकलवाले येणार, मार्केटिंगवाले येणार, मी निगेटिव्ह माणूस ठरणार. त्यापेक्षा आपलं आपण सांभाळलेलं बरं.” मला त्याच्यावर रागावता आलं नाही. ‘निगेटिव्ह’ हा शिक्का आपल्या धंद्यात एकदा बसला की अप्रेझलभर पुसत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, औषधं एकात एक मिसळली जात होती, हातमोजे आणि मास्क यांचा पत्ता नव्हता, असं बरंच पुढे आलं. दोष कुणाचा किती, हा या पत्राचा विषय नाही. पण इतक्या कंपन्यांची इतकी माणसं त्या जिल्ह्यात रोज मोटरसायकलवर फिरत होती. डोक्याएवढ्या कपाशीत वर तोंड करून फवारणारा मजूर त्यातल्या कुणालाच दिसला नसेल, हे मला पटत नाही. दिसलेलं वर कळवायला आपल्याकडे जागा होती का, हा प्रश्न तेव्हाही कुठल्या बैठकीत आला नाही.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बोंडअळीच्या बाबतीत वेळेवर मिळालेल्या माहितीची किंमत सगळ्यांना कळते. एखाद्या पोराला पहिली डोमकळी (अळी लागल्याने न उमललेलं फूल) दिसली, नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले, तर ती बातमी त्याच संध्याकाळी आजूबाजूच्या तालुक्यांतल्या माणसांकडे गेली पाहिजे. दोन-चार दिवसांचा फरक पडतो आणि तेवढ्या दिवसांत अळी बोंडात शिरली की वरून काहीही मारा. आपल्याकडे ती बातमी आधी एरिया मॅनेजर, मग झोन, मग मार्केटिंग, मग एक रंगीत पत्रक होऊन पंधरा दिवसांनी खाली येते. शेजारच्या पोराला थेट फोन का नाही केला? कारणं वर सांगितली.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल दोन शब्द. ग्रुपमध्ये साहेब असतात, त्यांचे साहेब असतात. सकाळी सहाला सुप्रभात, आठला बसस्टँडवरचा सेल्फी लोकेशनसकट, दुपारी मेळाव्याचा फोटो, त्याखाली सोळा अंगठे आणि ‘कीप इट अप’. अशा ग्रुपमध्ये “मला द्राक्षात डावणी रोगासाठी दुकानदाराला काय सांगावं कळत नाही” असं कोण विचारणार? त्यासाठी आमचे वेगळे ग्रुप असतात. तुम्हाला ठाऊक नसलेले. त्यात दुसऱ्या कंपन्यांचेही लोक असतात. सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं, आणि तिथे कुणी ‘ग्रेट जॉब’ म्हणत नाही.

आणि ॲप? रकाना इंग्रजीत, दीडशे अक्षरांची मर्यादा, नेटवर्क नसलं की लिहिलेलं उडालं. वसमतच्या हळदीच्या शेतात उभा असलेला पोरगा मनातल्या मनात भाषांतर करून ‘फार्मर इज हॅपी’ लिहितो आणि सुटतो. त्याला मराठीत मिनिटभर बोलू दिलं तर तो सऱ्यांची, ठिबकची, कंदमाशीची, शेजारच्या दुकानात काय भावाने काय चाललंय त्याची अशी माहिती देईल की तुमच्या मार्केटिंगला आठवडाभर पुरेल. आवाज रेकॉर्ड करायचं बटन ठेवायला काय खर्च येतो?

परदेशातलं एक उदाहरण मला इथे उपयोगाचं वाटतं. झेरॉक्स कंपनीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांनी शोधलेल्या युक्त्या एकमेकांना कळाव्यात म्हणून १९९० च्या दशकात तिथे ‘युरेका’ नावाची व्यवस्था सुरू झाली, सुरुवात फ्रान्समध्ये. मॅन्युअलमध्ये नसलेल्या या युक्त्या तोवर चहा-कॉफीच्या गप्पांत फिरत असत. नव्या व्यवस्थेत कुणीही युक्ती लिहून पाठवायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि मग ती सगळ्यांना दिसायची. प्रत्येक युक्तीला पैसे द्यावेत असा विचार आला तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नाकारला. पैसे लावले की ढिगाने भरताड येईल, हे त्यांना कळत होतं. त्यांना हवं होतं ते युक्तीखाली स्वतःचं नाव. आता ते दुरुस्तीवाले, आम्ही विक्रीवाले. त्यांच्यात पहिले दहा आणि शेवटचे दहा अशी कत्तल नव्हती, म्हणून त्यांचं जसंच्या तसं आमच्याकडे चालणार नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तपासणारा आमच्यातलाच हवा, ऑफिसातला नको. आणि नाव राहिलं पाहिजे. आमच्याकडे बरणीची युक्ती काढणारा एक, पीपीटीवर नाव असतं झोनल मॅनेजरचं.

आता ज्या गोष्टी सांगायच्याच नाहीत, त्याही स्पष्ट लिहितो, कारण ‘सगळं शेअर करा’ हा हुकूम मला मान्य नाही. दुकानदार मला सांगतो की भावाभावांत वाटणीचं चाललंय, मुलीचं लग्न आहे म्हणून दोन महिने पैसे उशिरा येतील. हे त्याने कंपनीला नाही, मला सांगितलेलं असतं. ते ॲपमध्ये टाकलं आणि उधारी सांभाळणाऱ्या क्रेडिट कंट्रोल विभागाने दुसऱ्या दिवशी त्याचा माल थांबवला, तर तो मलाच काय, माझ्यामागून येणाऱ्या कुणालाही आयुष्यात काही सांगणार नाही. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, सातबारे, पिकांच्या याद्या आम्ही ज्या सढळ हाताने ग्रुपमध्ये टाकतो तेही थांबलं पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालेला आहे, तो वाचणं तुमच्या लीगलवाल्यांचं काम. आणि मार्चअखेरीला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल कसा ढकलायचा, ही विद्या पिढ्यान् पिढ्या नीट चालत आली आहे. तिच्या प्रसाराला मदतीची गरज नाही.

मग काय करावं? मी व्यवस्थापनशास्त्र शिकलेलो नाही, पण मागण्या आहेत.

एखाद्याने आपली पद्धत उघड केली आणि ती इतरांनी वापरली, तर त्या उत्पादनापुरतं त्याचं टार्गेट पुढचे दोन सीझन गोठवा. लेखी. तोंडी आश्वासन नको, कारण आश्वासन देणारा साहेब मेमध्ये बदलून गेलेला असतो. माझ्या मते फक्त एवढं केलं तरी निम्मी तोंडं उघडतील.

इन्सेन्टिव्हचा एक भाग, तिसरा हिस्सा म्हणा, लगतच्या तीन-चार टेरिटरींच्या एकत्रित विक्री-वसुलीवर लावा. नुसत्या विक्रीवर नको, परत आलेला माल वजा करून आणि जमा झालेले पैसे धरूनच. घुसखोरीचं निम्मं दुखणं यानेच कमी होईल, कारण माल इकडून तिकडे गेला तरी खिसा एकच. तुम्ही म्हणाल, यात एखादा आयतोबा बसून खाईल. खाईल. पण चार माणसांत आयतोबा कोण आहे, हे उरलेल्या तिघांना तुमच्या डॅशबोर्डच्या आधी कळतं, आणि ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं सरळ करतात.

बदलीच्या वेळचं बघा. आज टेरिटरी देताना काय देतात? पार्ट्यांची यादी, येणं बाकी, शिल्लक साठा, सिक्युरिटी चेकांची फाइल. एका दुपारी सही करून विषय संपतो. नव्या माणसाला कुणाच्या परवान्यात आपलं उगम प्रमाणपत्र (आपला माल विकायला कंपनीने दिलेला दाखला) जोडलेलं आहे आणि कुणाच्या नाही, एवढंही नीट कळलेलं नसतं. पहिला माल बाहेर पडतो आणि कृषी विभागाचा निरीक्षक दारात. जुन्या आणि नव्या माणसाला निदान महिनाभर एकत्र फिरू द्या, तेही जूनमध्ये. एप्रिलमध्ये शेतं रिकामी, दुकानदार लग्नांत, दाखवणार काय? जुन्याचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडू देऊ नका. सोडून जाणाऱ्यालाही त्या महिन्याचे वेगळे पैसे द्या. तो रागाने जात असेल तर कदाचित घेणार नाही, पण बहुतेक जण रागाने जात नाहीत, घराजवळ पोस्टिंग मिळालं म्हणून जातात.

तक्रार कळवणाऱ्याला अप्रेझलमध्ये हात लावायचा नाही, हे लिहून द्या. करपलेल्या पानाचा फोटो पाठवणारा आणि मेळाव्याचा फोटो पाठवणारा, यांत पहिल्याला आधी फोन करा.

बैठकीतला तो एक तास आमच्याकडे सोपवा. खोलीत साहेब नको, प्रोजेक्टर नको. पिकानुसार बसू द्या: द्राक्षवाले एकीकडे, कपाशीवाले एकीकडे, केळीवाले रावेर-यावलचे असोत की दुसरीकडचे, एकत्र. फिल्ड असिस्टंटना त्या खोलीत खुर्ची हवी, दारात टोप्या वाटायला उभं करायचं नाही. शेवटी आमच्यातला एक जण जे बाहेर सांगण्यासारखं आहे ते, ज्याचं त्याच्या नावासकट, तुम्हाला येऊन सांगेल. जे आत राहील ते आत राहू द्या.

आणि त्या फिल्ड असिस्टंटचं काहीतरी करा. एजन्सीच्या पगारपत्रकावर असो की तुमच्या, ज्या पोराने सीझनभर गावं सांभाळली त्याला पुढच्या जूनमध्ये त्याच गावांत पहिला हक्क द्या आणि मधले महिने निदान निम्म्या पगारावर रब्बीच्या कामाला लावा. हरभरा आहे, कांदा आहे, गहू आहे, काम नाही असं नाही. तुमची बांधावरची सगळी अक्कल आज या पोरांच्या डोक्यात आहे आणि दर दिवाळीला तुम्ही ती घरी पाठवता. मी सांगितलेला तो मापाच्या कपवाला सध्या तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारतो. त्याला परत बोलवायचं असेल तर नंबर माझ्याकडे आहे. त्याची परवानगी घेऊन देईन.

या पत्राला उत्तर म्हणून मेल किंवा समिती नको. खरिपाचं इन्सेन्टिव्ह परिपत्रक साधारण मेअखेरीला निघतं. त्यात टार्गेट गोठवण्याचं कलम आणि गटाचा हिस्सा दिसला, तर पुढच्या बैठकीत आम्ही बोलू. पहिला मी बोलेन. संत्र्याच्या याद्या कशा केल्या, तिथपासून.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
फिल्डवरचा एक माणूस